माजी सैनिकाच्या घरचे कागद: हयातीत काय जुळवायचे, मागे काय करायचे

सातारा-सांगलीच्या गावांत पेन्शनीत आलेले फौजी गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या मागे पत्नीची पेन्शन अडते ती बहुतेक वेळा नावामुळे. माहेरचे नाव सोनाबाई, लग्नात ठेवलेले सुनंदा. पलटणीत भरती झालेल्या पोराने सांगितले एक, आधारवर चढले दुसरे. जन्मतारखेचेही तेच: शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) जागा कोरी. ही तारीख क्षुल्लक समजू नका. वयाची ८० वर्षे झाल्यावर फॅमिली पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०. तारीखच नोंदलेली नसेल तर ही वाढ लागत नाही आणि म्हातारीच्या हक्काचे पैसे पडून राहतात.

म्हणून फौजी हयात असतानाच एका दुपारी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक), पीपीओ, पत्नीचे आधार, बँकेचे पासबुक शेजारी-शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र करा. आधार, दोघांचा एकत्र फोटो आणि डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, अर्ज पाठवा. तिथे पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा लष्करी आदेश) निघते, मग पीपीओ दुरुस्त होतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. अर्जावर सैनिक नंबर नसेल तर कागद फिरत राहतो.

पेन्शनचे खाते पत्नीबरोबर संयुक्त करा, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचे. फॅमिली पेन्शन त्याच खात्यात येऊ शकते. ‘स्पर्श’ला (संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलला) जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही बघा, पुण्यातल्या पोराचा जुना नंबर असेल तर ओटीपी कोणालाच मिळत नाही. घरात अपंग मूल असेल तर त्याचे नाव आणि अपंगत्वाचा दाखला वडील असतानाच नोंदवा. त्याला आयुष्यभर पेन्शन मिळू शकते, पण मागून हे सिद्ध करताना घरच्यांची फार दमछाक होते.

निधनाच्या दिवशी गावात पहिला प्रश्न निघतो तो तिरंग्याचा. प्रेमापोटी लोक लगेच पार्थिवावर ध्वज पांघरतात. कायद्याने तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीतच पांघरता येतो, खासगी अंत्यविधीत नाही. असा इतमाम (सरकारी मानवंदना) मिळेल का हे सैनिक कल्याण कार्यालयाला फोन करून आधी विचारा. मिळाला तर केशरी पट्टा डोक्याकडे ठेवायचा आणि अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घडी घालायची. चितेवर ध्वज जाता कामा नये.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी, आणि जिथे मृत्यू झाला तिथेच. मिरजेच्या दवाखान्यात वारले असतील तर नोंद महापालिकेकडे होते. गावच्या ग्रामसेवकाकडे हेलपाटे घालून उपयोग नाही. दाखल्यावरचे नाव पीपीओप्रमाणेच लिहून घ्या, मूळ प्रती आठ-दहा काढा. अपंगत्व पेन्शन असेल आणि मृत्यू त्याच आजाराने झाला असेल, तर डॉक्टरांच्या कागदावर कारण नेमके आले पाहिजे. स्पेशल फॅमिली पेन्शनचा (साध्यापेक्षा जास्त दराच्या पेन्शनीचा) विचार त्यावरच होतो.

दाखला हाती आला की ‘स्पर्श’वर मृत्यूची खबर नोंदवा. जमत नसेल तर सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन कामांच्या सेवा केंद्रात) किंवा सैनिक कल्याण कार्यालयात करून मिळते. तोवर एटीएमने पैसे काढू नका. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच, पुढचे जमा झालेले परत वसूल होते आणि तो भुर्दंड पत्नीच्या पेन्शनीवर बसतो. फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासून धरतात. साधा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, कमीत कमी ९,००० रुपये, वर महागाई भत्ता. आकडा आधीच्या पेन्शनीपेक्षा कमी दिसणारच, ती चूक नव्हे. ट्रंकेत आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे विस्तारित विम्याचे (निवृत्तीनंतरही चालणाऱ्या विम्याचे) प्रमाणपत्र सापडते का पाहा. मृत्यू अपघाती असेल तर पेन्शन खात्यावर विमा आहे का, हे बँकेत लेखी विचारा.

दहाव्याच्या फलकावर काय लिहायचे ते पदके पाहून ठरवा. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव बारीक कोरलेले असते; उजेडात तिरके धरले की वाचता येते. १९७१ चा पूर्वी स्टार म्हणजे पूर्व आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिम. नुसते संग्राम पदक असेल तर फौजी आघाडीवर होतेच असे म्हणता येत नाही. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक यांतही हाच फरक आहे. डिस्चार्ज बुकातली नोंद त्याशी जुळवा आणि तेवढेच लिहा. ज्याने खरोखर सोसले त्याला फुगवून सांगण्याची गरज नसते. पदके ब्रासोने घासू नका, कोरलेली अक्षरे झिजतात.

राहिले ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि कँटीन कार्ड. त्यांचे कार्ड जमा करून पत्नीच्या नावे नवीन घ्यायचे. घरपट्टीची माफी मिळत असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज देऊन तीही पत्नीच्या नावे चालू ठेवून घ्या.