व्हीएलसी टाकताना आणि मराठी सबटायटल लावताना

विंडोजच्या संगणकासाठी मोफत प्लेअर हवा असेल तर व्हीएलसी पुरेसा आहे. बहुतेक कोडेक, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ फाइल उलगडून दाखवणारे छोटे प्रोग्रॅम, त्यातच असतात, त्यामुळे वेगळे ‘कोडेक पॅक’ टाकू नका. नको ते प्रोग्रॅम बहुधा त्यांच्यासोबतच घुसतात. डाउनलोड फक्त व्हीएलसी बनवणाऱ्या संस्थेच्या व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवरूनच करा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिराती सोडून द्या. फाइल उघडल्यावर विंडोज परवानगी मागते, तिथे प्रकाशक म्हणून ‘व्हिडिओलॅन’ हे नाव दिसलं पाहिजे. ‘अज्ञात’ दिसलं तर तिथेच थांबा.

खरी अडचण येते ती मराठी सबटायटलची. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. भलतीच चिन्हं दिसली तर एन्कोडिंग, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं साठवण्याची पद्धत, चुकीचं निवडलेलं आहे. टूल्स, प्रेफरन्सेस, मग सबटायटल्स या भागात जाऊन फॉन्ट ‘निर्मला यूआय’ आणि एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ निवडा. सेव्ह करून प्लेअर बंद करा, पुन्हा उघडा. तरीही चिन्हंच दिसली तर मूळ फाइलच दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये असते. सबटायटलच्या फाइलचं नाव व्हिडिओसारखंच ठेवून ती त्याच फोल्डरमध्ये टाकली की आपोआप लागते. संवाद मागेपुढे होत असतील तर जी आणि एच या कळा वापरा.

चित्र अडखळत असेल तर प्रेफरन्सेसमधल्याच इनपुट आणि कोडेक्स या भागातलं हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) बंद करून पाहा. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर हा उपाय बरेचदा लागू पडतो.