‘हे विज्ञानाला कधीच कळणार नाही’ हे विधान कसे तपासावे

एखादी गोष्ट विज्ञानाच्या आवाक्याबाहेर आहे असे कोणी ठामपणे सांगितले, तर ते मान्य करण्यापूर्वी किंवा खोडून काढण्यापूर्वी ही मर्यादा उपकरणाची आहे, निसर्गनियमाची आहे की तर्काची, हे आधी ठरवावे.

बहुतेक वेळा ती उपकरणाची निघते. ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही, असे फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कोंत यांनी १८३५ साली लिहिले. पदार्थ हाती आल्याशिवाय तो ओळखता येत नाही, हे त्यामागचे गृहीतक होते. मात्र मिठाची चिमूट ज्योतीत टाकून तो प्रकाश लोलकातून पाहिला, तर सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा अगदी लगटून दिसतात आणि सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेषा असतात. या जुळणीचा अर्थ जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खहॉफ यांनी १८५९ साली उलगडला आणि रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्यासह वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत उभी केली. पुढे हेलियमची खूण तर १८६८ साली आधी सूर्यप्रकाशात सापडली आणि पृथ्वीवर तो १८९५ साली हाती आला. म्हणून दाव्यातील ‘अमुक केल्याशिवाय कळणार नाही’ हा न उच्चारलेला भाग कागदावर लिहून काढावा आणि दुसरी वाट आहे का, ते पाहावे.

निसर्गनियमाची मर्यादा वेगळी असते, कारण ती विज्ञानानेच शोधलेली असते आणि बहुधा समीकरणासह येते. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या अनिश्चितता तत्त्वानुसार कणाचे स्थान आणि संवेग (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) एकाच वेळी हवे तितके काटेकोर असू शकत नाहीत. सूक्ष्मदर्शक कितीही सुधारला तरी त्यात फरक पडत नाही. अर्थात, अशी मर्यादा तिच्या सिद्धान्ताइतकीच पक्की असते, तेव्हा तो सिद्धान्त कोणता, याची नोंद ठेवावी.

तर्काच्या मर्यादेबाबत सर्वाधिक सावध राहावे. तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांच्या १९३१ च्या प्रमेयानुसार अंकगणित सामावणाऱ्या कोणत्याही सुसंगत नियमसंचात सिद्धही करता येत नाहीत आणि खोडताही येत नाहीत अशी विधाने उरतात; याच्याइतका गैरवापर क्वचितच दुसऱ्या प्रमेयाच्या वाट्याला आला असेल. अशा निष्कर्षांचा अर्थ किती मर्यादित असतो, याचे उदाहरण म्हणजे गणितज्ञ ट्युरिंग. त्यांनी १९३६ साली जे सिद्ध केले ते आजच्या भाषेत असे मांडता येते: कोणताही प्रोग्राम थांबेल की चालतच राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी एकच यांत्रिक पद्धत असू शकत नाही. समोरच्या एका विशिष्ट प्रोग्रामबद्दल ते कधीच कळणार नाही, असा याचा अर्थ होत नाही.

खर्च आणि आकार यांची अडचण उपकरणातच धरावी, मग ती कितीही मोठी असो. कण वेगाने एकमेकांवर आदळवणाऱ्या २७ किलोमीटर परिघाच्या त्वरकात मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा प्लांक ऊर्जा (जिथे गुरुत्वाकर्षणाचेही पुंज परिणाम महत्त्वाचे ठरतील अशी ऊर्जा) सुमारे एकावर पंधरा शून्ये इतक्या पटींनी जास्त आहे, आणि तसे यंत्र कोणी बांधेल असे मला वाटत नाही. तरीही विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशात त्या ऊर्जेच्या खुणा शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.