पंचेचाळीस हजारांचे घर: वर्षाचा हिशेब आधी, महिन्याचा नंतर

इंदूरमधल्या पगारदार घराचे बजेट साधारण एप्रिलमध्ये मोडते. शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि वर्षाचा गहू एकाच महिन्यात दारात येतात. त्यातून सावरेपर्यंत गणपती-महालक्ष्म्या येतात, मग दिवाळी. भाजीत दहा रुपये वाचवून हा खड्डा भरत नाही. म्हणून डायरी आणा, अ‍ॅप घ्या, काहीही करा, पण पहिली बैठक महिन्याच्या खर्चाची नको. आधी फक्त वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च लिहून काढा.

चौघांचे घर, हातात येणारा पगार ४५,००० असा नमुना धरू. शाळेची फी ४८,०००, पुस्तके आणि गणवेश ९,०००, गहू, मिरची, हळद आणि वर्षाच्या डाळी १८,०००. हे एप्रिलच्या आगेमागे येणारे ७५,००० झाले. आरोग्य आणि आयुर्विमा २४,०००, दुचाकीचा विमा व सर्व्हिसिंग ६,०००, सणवार १५,०००, लग्नाकार्याला पुणे-नाशिककडे जाणे-येणे आणि आहेर १२,०००, महापालिकेचा संपत्तिकर ३,०००. हे ६०,०००. एकूण १,३५,०००, म्हणजे महिन्याला ११,२५०. पगाराचा बरोबर चौथा हिस्सा आधीच बोलून ठेवलेला आहे. या घराचा खरा पगार ३३,७५० आहे, आणि बजेट त्याच आकड्यावर बसवायचे. आकडे तुमचे वेगळे असतील. मागच्या वर्षाचे बँक पासबुक समोर ठेवून काढा, आठवणीवर जाऊ नका. आहेर आणि प्रवास हमखास विसरले जातात.

आता हे ११,२५० पगाराच्या दुसऱ्याच दिवशी दोन जागी गेले पाहिजेत. एप्रिलच्या ७५,००० साठी बँकेत १२ महिन्यांचे आवर्ती खाते (आरडी), हप्ता ६,२५०, मुदत मार्चअखेर संपेल असे. बाकीचे ५,००० एका वेगळ्या बचत खात्यात, ज्याला ना यूपीआय जोडलेले ना डेबिट कार्ड खिशात. यासाठी पोस्टाचे आवर्ती खाते घेऊ नका: ते पाच वर्षांचे असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. दूरच्या बचतीला ते चांगले, फीला निरुपयोगी. ऑक्टोबरपासून सुरुवात करत असाल तर एप्रिलपर्यंत सहाच हप्ते पडतील, ३७,५०० जमतील. उरलेले निम्मे कुठून आणायचे ते ऑक्टोबरमध्येच ठरवा. पहिले वर्ष अवघड जाते, दुसऱ्यापासून हात मोकळा होतो.

बीसीचे, म्हणजे भिशीचे काय, हा प्रश्न आपल्याकडे हटकून निघतो. ओळखीच्या दहा-बारा जणींची, छोट्या रकमेची बीसी ठीक. पण फीचे पैसे तिच्यात नकोत. नंबर कधी लागेल ते तुमच्या हातात नाही, आणि एकाने हात वर केले तर दाद मागायला कागद नसतो.

रोजखर्च, म्हणजे भाजी, वरचे दूध, रिक्षा, पोहे-जिलबी, मुलांचे किरकोळ. समजा यासाठी ९,००० ठेवलेत. याचे चार भाग करण्याची चूक बहुतेकजण करतात. महिना अठ्ठावीस दिवसांचा नसतो, म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस उधारीवर जातात आणि पुढचा महिना तुटीतच उघडतो. भाग पाच करा: १, ८, १५ आणि २२ तारखेला २,००० आणि २९ ला १,०००. तेवढीच रक्कम त्या-त्या तारखेला फक्त रोजखर्चासाठी ठेवलेल्या खात्यात टाका आणि फोनवरचे यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. पैसे संपले की पेमेंट अडते, आणि हेच हवे आहे. यूपीआय लाइट, म्हणजे फोनमधले पिनशिवाय चालणारे छोटे पाकीट, मात्र हिशेबाचा शत्रू. पासबुकात लाइटमध्ये टाकलेली रक्कम दिसते, तिच्यातून केलेले पन्नास छोटे खर्च दिसत नाहीत.

सराफ्यातली किंवा छप्पन दुकानची खाण्याची फेरी बंद करू नका. जे बजेट सराफा बंद करते ते दोन महिन्यांत गुंडाळले जाते. महिन्याला दोन फेऱ्या, रक्कम ठरवून, रोख नेऊन.

गव्हाकडे वळू, कारण माळव्यात राहण्याचा मोठा फायदा हाच आहे. मार्चअखेर ते मे, नवा गहू येतो तेव्हा भाव नरम असतो. रोज किलोभर पीठ लागणाऱ्या चौघांच्या घराला वर्षाला पावणेचार क्विंटलच्या आसपास गहू पुरतो. रोजच्या पोळीला लोकवन उत्तम. शरबती हवाच असेल तर एखादे पोते पाहुण्यांसाठी. छावणी मंडीच्या परिसरातून घेताना मूठभर दाणे चावून पाहा. कट्‌ असा आवाज येऊन तुटला तर सुका. दाबला जाऊन चपटा झाला तर ओलावा आहे, तो कोठीत टिकणार नाही. घरी गच्चीवर दोन दिवस कडक ऊन द्या आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम गहू झाकला की झाकणाखाली पाणी सुटते, बुरशी धरते आणि सोंडे होतात. हाताला एरंडेल लावून दाणे चोळा, किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांत घाला. कोठी भिंतीला चिकटून नको, खाली लाकडी फळी हवी. पावसाळ्यात मोठी कोठी रोज उघडू नका. महिन्याचा गहू एका डब्यात काढून घ्या. धान्यात घालायच्या सल्फासच्या कीडनाशक गोळ्या घरात कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून, ठेवू नका. त्यातून निघणारा वायू झोपेत माणसे मारतो. जागा नसेल तर सहा महिन्यांचाच गहू घ्या. किडलेला एक क्विंटल सगळी बचत खाऊन टाकतो.

निमाडची मिरचीही नवी आली की, उन्हाळ्याच्या तोंडावर घ्यावी. किराणा सियागंजातून आणायचा तर दोन-तीन घरांनी मिळून, नाहीतर रिक्षाभाड्यात फरक जातो. तेलाच्या पाउचवर वजन वाचा. एक लिटर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. त्याहून कमी वजनाचे पाउच त्याच आकारात येतात आणि स्वस्त भासतात. १०० ग्रॅमचा भाव काढून मगच तुलना करा. संक्रांतीचे वाण राणीपुऱ्यातून डझनाने, आणि डिसेंबरात.

वीजबिलात एक कडा आहे, तिच्यावरून पाय घसरू देऊ नका. मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपये लागतात. १५१ वे युनिट पडले की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते. म्हणजे दिवसाला पाच युनिट. मीटरचा फोटो रीडिंगनंतर पंधराव्या दिवशी काढा. ७५ च्या वर असाल तर उरलेल्या पंधरा दिवसांत आवरायला वाव असतो. कुठे आवरायचे? ७५ वॅटचे तीन जुने पंखे बारा तास चालले तर दिवसाला २.७ युनिट. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे साधारण ३० वॅटचे, तेवढ्याच वेळात १.१. फरक महिन्याला ४८ युनिट. फ्रीज दिवसाला एक-दीड युनिट घेतो, त्याला हात लावण्यात अर्थ नाही. २,००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, तिथे बघा. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी उन्हाळ्यात ही सवलत सोडून द्यावी आणि त्या तीन महिन्यांचे वाढीव बिल वरच्या वार्षिक यादीत टाकावे.

क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ भरून मोकळे होणाऱ्यांसाठी एवढेच: महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२. असे थकलेले काही असेल तर आवर्ती खात्याच्या आधी ते फेडा.

लिहिण्याबद्दल. सव्वीस शीर्षके पाडलीत तर तिसऱ्या आठवड्यात वही मिटते. सहा पुरतात: घरभाडे किंवा हप्ता, किराणा, रोजखर्च, बिले, औषधे, किरकोळ. पूर्ण रुपये लिहा, पैसे सोडा. किरकोळमध्ये एकच गोष्ट तीनदा दिसली तर तिला स्वतःचे नाव द्या. वही स्वयंपाकघरात लटकवा, घरातल्या दोघांनीही लिहावे. एकट्याने लिहिलेला हिशेब दुसऱ्याला पहारा वाटतो आणि मग खर्च लपवले जातात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी वीस मिनिटे दोघांनी बसून जुळवावे. शंभर-दोनशेचा फरक शोधत बसू नये, किरकोळमध्ये टाकून पुढच्या पानावर १ तारीख घालावी.