इंदुरात सायबर आणि डेटा कायद्याची वकिली करायची असेल तर

सानंद या इथल्या मराठी नाट्यसंस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात हल्ली कुणी ना कुणी गाठतंच. "ताई, आमची मुलगी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सायबरमध्ये जायचं म्हणते. कोडिंग शिकावं लागेल का हो?" नाही लागत. एवढं सांगून चहाकडे वळता येतं, पण खरं उत्तर पंधरा मिनिटांत मावत नाही, म्हणून ते सवडीने लिहायला घेतलं.

हुडी घातलेला हॅकर या कामात क्वचितच भेटतो. भेटतो तो सुदामानगरचा कापड दुकानदार, ज्याचं चालू खातं एका सकाळी गोठलेलं असतं. भेटतात निवृत्त गृहस्थ, ज्यांना व्हिडिओ कॉलवरच्या वर्दीवाल्याने रात्रभर "डिजिटल अरेस्ट"मध्ये बसवून ठेवलं (असली अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळतं). आणि भेटतो सुपर कॉरिडॉरकडच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीचा मालक, ज्याला युरोपातल्या ग्राहकाने जाडजूड डेटा करार पाठवलाय आणि शुक्रवारपर्यंत सही मागितली आहे. तिघांचंही काम शेवटी एकाच ठिकाणी येतं. कोणती नोंद कुठे पडली आहे, ती किती दिवस टिकणार आणि ती मागायला कुणाला, कोणत्या कलमाखाली लिहायचं? हे ज्याला येतं त्याच्याकडे पक्षकार परत येतो. बाकी कलमं पुस्तकात असतातच.

नव्या वकिलाकडे सगळ्यात आधी येतं ते गोठलेल्या खात्याचं प्रकरण, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. होतं असं की परराज्यात कुणाची तरी फसवणूक होते, पैसे पाच-सहा खात्यांतून फिरतात आणि त्यातले चार हजार यूपीआयने आपल्या दुकानदाराकडे साडीचे म्हणून येतात. तिकडचे सायबर पोलीस साखळीतली सगळी खाती थांबवायला सांगतात. दुकानदाराला पत्ता लागतो तो चेक परत आल्यावर. बँकेत गेलं की "वरून आलंय" एवढंच ऐकायला मिळतं. इथे पहिली पायरी म्हणजे बँकेकडून लेखी घेणं: तक्रारीचा पोचक्रमांक काय, ठाणं कोणतं, वादातली रक्कम किती, आपलं खातं साखळीत कितव्या थरावर आहे. मग तपास अधिकाऱ्याला मेल. सोबत बिल, जीएसटीची विवरणपत्रं, मालाची नोंद, गिऱ्हाइकाशी व्हॉट्सअॅपवर झालेलं बोलणं. मागणी नेमकी ठेवा: सगळं खातं बंद न करता वादातल्या रकमेपुरतंच लीन ठेवावं (म्हणजे तेवढीच रक्कम अडवून ठेवावी). "माझं खातं सुरू करा, मी निर्दोष आहे" असल्या अर्जाने काही हलत नाही.

एवढ्यावर बरीच खाती मोकळी होतात. नाहीच झालं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ उघडायचं (जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीआरपीसी १०२ असतं). पोलिसांनी जप्ती केली की ती मॅजिस्ट्रेटला तातडीने कळवायची असते. ती कळवली का, हा तुमचा पहिला प्रश्न. लगेच खालचं १०७ पण वाचा, कारण गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करण्यासाठी तिथे कोर्टाचा आदेश लागतो, आणि दोन कलमांमधल्या या फरकावरच युक्तिवाद उभा राहतो. त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्ट. ठाणं दुसऱ्या राज्यातलं असलं तरी खातं आणि त्याची झळ इंदुरात आहे, हा मुद्दा अर्जाच्या सुरुवातीलाच मांडून ठेवा. हायकोर्टाचं खंडपीठ गावातच आहे हे आपलं नशीब, नाहीतर दर पेशीला जबलपूर गाठावं लागलं असतं.

उलट बाजूचा पक्षकार, म्हणजे ज्याचे पैसे गेले, तो दारात आला की वकालतनामा बाजूला ठेवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा. पैसे साखळीत असेपर्यंतच थांबवता येतात, एकदा एटीएममधून रोख निघाली की संपलं. त्यानंतर बँकेला लेखी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं म्हटलं होतं की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणामुळे अनधिकृत व्यवहार झाला, आणि ग्राहकाने तो बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवला, तर त्याच्यावर काहीच जबाबदारी नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं तर मर्यादित जबाबदारी. आणि ग्राहकाचा दोष असल्याचं सिद्ध करायचं ते बँकेने. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर मात्र बाजू लंगडी होते, ते पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. थांबवलेली रक्कम परत मिळवायचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे होतो. ही परिपत्रकं बदलत राहतात. अर्जाला जोडण्यापूर्वी ताजी प्रत बघायची सवय लावून घ्या.

कंपनीच्या बाजूला वेळ याहून कमी असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि सिस्टीमचे लॉग (कोणी कधी काय केलं याच्या आपोआप पडणाऱ्या नोंदी) १८० दिवस भारतात जपायचे. रात्री अकराला सर्व्हर कुलूपबंद झालेला दिसला तर पहाटे पाचला अहवाल गेलेला हवा. आयटीची मुलं तेव्हा सर्व्हर उभा करण्याच्या गडबडीत असतात आणि पहिली गोष्ट काय करतात, तर सगळं पुसून नव्याने बसवतात! पुरावा त्यातच जातो. म्हणून या क्षेत्रातला चांगला सल्लागार घटना घडण्याच्या आधीच कंपनीला एक पानी कागद करून देतो: कुणी कुणाला उठवायचं, कशाला हात लावायचा नाही, मेल कोण लिहिणार.

पुराव्याच्या कायद्यावर इंदूरच्या ज्युनिअरांनी जालन्याचं प्रकरण तरी वाचावंच. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर घेतला गेला. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करायला लागणारं, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र मात्र अधिकारी वारंवार मागूनही देत नव्हते. सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की प्रमाणपत्र बंधनकारकच आहे, पण पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि ज्याच्या हातात ते आहे तोच देत नसेल, तर अशक्य गोष्टीसाठी त्याला अडवता येणार नाही. मागणीचे अर्ज नोंदीवर होते, ते कामी आले. १ जुलै २०२४ पासून ६५ब ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक यंत्र किंवा फाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. ऑफिसात पहिल्या महिन्यात हे प्रमाणपत्र स्वतः भरायला शिका. सीनिअरना त्याचा कंटाळा असतो, त्यामुळे तुमची किंमत लगेच वाढते.

आता ते कोडिंग. त्याऐवजी ई-मेलचा हेडर (मेल कुठून, कसा आला याची नोंद) वाचायला शिका, आणि आयपी पत्त्याचं, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाचं, दुखणं समजून घ्या. बहुतेक परदेशी कंपन्या लॉग देतात ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. ते गणित न करता मोबाइल कंपनीला पत्र गेलं की भलत्याच माणसाचं नाव येतं. शिवाय मोबाइल इंटरनेटवर एकाच वेळी कितीतरी ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीवर असतात, म्हणून पत्रात सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक (त्या आयपीवरची नेमकी जोडणी ओळखायचा आकडा) दोन्ही हवेत. आरोपीच्या बाजूने उभं राहाल तेव्हा याच दोन गोष्टी आधी तपासा. तपासातली फट बरेचदा तिथेच सापडते. आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याखालच्या गुन्ह्यांचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, हे कलम ७८ सुद्धा चार्जशीट हातात आल्यावर पहिल्या पाच गोष्टींत तपासायचं.

डेटा गोपनीयतेचं काम याच्या अगदी उलट स्वभावाचं. तिथे कोर्ट नाही, गाऊन नाही, एक्सेलची शीट आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, ११ ऑगस्ट २०२३ ला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवलत आहे, म्हणजे मे २०२७. नव्यांसाठी संधी आहे ती याच मधल्या काळात. भंवरकुआंच्या एखाद्या कोचिंग क्लासचंच बघा. प्रवेश अर्जावर मुलाचं नाव, फोटो, आधार, वडिलांचा फोन, जात, मागचे गुण. यातलं लागतं किती? कुणाच्या लॅपटॉपवर आहे? व्हॉट्सअॅप ग्रुपवर निकाल कोण टाकतं? आपल्या कायद्यात अठराखालचा प्रत्येक जण मूल, त्यामुळे पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, हा आकडा ऐकल्यावर मालक खुर्चीत सावरून बसतो. पण त्याला घाबरवून फी काढणारे सल्लागार गावात होऊ लागले आहेत, त्यांच्यातले होऊ नका. त्याला हवी असते कोणती माहिती कुठून येते आणि कुठे जाते याची एक साधी यादी, दोन भाषांतली सूचना आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी नीट करार.

या कायद्याबद्दल माझी एक तक्रार आहे. दंड जातो सरकारच्या संचित निधीत. ज्याचा डेटा फुटला त्याला भरपाई मागायची वाट या कायद्यात नाही, आणि आयटी कायद्याचं भरपाई देणारं ४३अ हे कलमही वगळलं जाणार आहे. पक्षकार "मला काय मिळणार?" विचारेल तेव्हा हे प्रामाणिकपणे सांगावं लागतं, आणि सांगताना बरं वाटत नाही.

कोर्टातली वकिली आणि कंपनीतली नोकरी, दोन्ही एकाच वेळी करता येतील का? सुरुवातीला नाही, आणि त्याचं कारण नियमातच आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. त्यामुळे पदवीनंतर निवड करावी लागते. माझं मत विचाराल तर आधी दोनेक वर्षं कोर्ट. उलटतपासणीत कागद कसा फाटतो हे पाहिलेल्या माणसाचे करार वेगळे होतात. पैशांचं सांगायचं तर बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी ज्युनिअरला किमान वीस हजार द्यावेत अशी शिफारस केली आहे. शिफारस आहे, सक्ती नाही, आणि ही गोष्ट इथल्या सीनिअर मंडळींना चांगली ठाऊक आहे. घरी राहून खाऊन ज्यांचं भागतं त्यांना ही वर्षं जड जात नाहीत. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्यांनी कंपन्यांसाठी करार तपासून द्यायचं काम स्वतंत्रपणे, फीवर घेत राहावं, ते नियमात बसतं.

भाषेचं ओझं आपल्याकडे थोडं जास्त आहे. घरी मराठी, जिल्हा कोर्टात अर्ज हिंदीत, हायकोर्ट आणि कंपन्या इंग्रजीत. रामबागेत नाहीतर लोकमान्यनगरात वाढलेल्या मुलांची हिंदी बोलायला फर्डी असते, पण लेखी हिंदी कच्ची राहते. जुन्या आदेशांची नक्कल काढून वाचा, "आवेदक", "अनावेदक", "थाना प्रभारी" ही सगळी बोली हाताखालून जाऊ द्या.

पदवी कोणत्या कॉलेजची, याला फार महत्त्व देऊ नका. पुढे शिकायचंच असेल तर भोपाळच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात सायबर कायदा आणि माहिती सुरक्षेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, घरापासून फार लांबही नाही. गोपनीयतेच्या नोकरीत डीएससीआय या भारतीय डेटा सुरक्षा संस्थेचं प्रमाणपत्र चालतं, परदेशी ग्राहक असलेल्या कंपन्या आयएपीपी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सीआयपीपी हे प्रमाणपत्र विचारतात. या दुसऱ्या प्रमाणपत्राची फी डॉलरमध्ये असते. ते पहिली नोकरी लागल्यावर करा, आणि शक्यतो कंपनीच्या पैशांनी.