खासदाराला गाठण्याआधी: गोव्याचा प्रश्न संसदेत कसा न्यावा

आधी विषय कुणाचा ते पाहा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आतली (प्रादेशिक समुद्रातली) मासेमारी राज्यसूचीत, त्यापलीकडची संघसूचीत. पर्ससीनवाले (मोठ्या घेराच्या जाळ्यांच्या यांत्रिक नौका) रापणकारांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या) तोंडावर जाळी टाकत असतील तर पर्वरीला, म्हणजे राज्य सरकारकडे जा, दिल्लीचं तिकीट काढू नका; मंत्री ‘हा राज्याचा विषय’ म्हणून मोकळे होतील. खोल समुद्रात एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीचा विषय मात्र केंद्राचाच.

मग माणूस. लोकसभेत गोव्याचे दोन, राज्यसभेत एक. तालुक्यावरून मतदारसंघ ठरवू नका. फोंडा तालुक्यात प्रियोळ उत्तर गोव्यात मोडतं. फोंडा, शिरोडा, मडकई दक्षिणेत. आपला खासदार केंद्रात मंत्री असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही, तेव्हा दुसऱ्याकडे जा. राज्यसभेचा खासदार ४० आमदारांच्या मतांवर निवडून जातो आणि एका जागेला २१ मतं लागतात, म्हणून तिथे आमदाराचा शब्द चालतो. राज्यसभेत सगळी राज्यं सारखी, हा मात्र गैरसमज आहे: महाराष्ट्राच्या १९ जागा, उत्तर प्रदेशच्या ३१, आपली एक. परराज्यातला खासदारही तुमचा प्रश्न विचारू शकतो, आणि किनाऱ्यावरच्या राज्यांतले बरेचदा विचारतातही.

खासदाराच्या हातात निवेदन नको, प्रश्नाचा तयार मसुदा द्या. जास्तीत जास्त १५० शब्द, एकच मंत्रालय, आरोप नाही, न्यायप्रविष्ट बाब नाही. ‘सरकार गोव्याच्या मच्छीमारांकडे दुर्लक्ष का करतं?’ हा बाद होणार. त्याऐवजी: ‘मागील तीन वर्षांत प्रादेशिक समुद्राबाहेर एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्या किती नौकांवर कारवाई झाली, वर्षवार व राज्यवार, त्यांतल्या गोव्यासमोर किती?’ याला तक्ता द्यावाच लागतो, आणि तक्ता पुढे ग्रामसभेपासून न्यायालयापर्यंत कामाला येतो. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर आणि उपप्रश्नांची संधी मिळते, पण लोकसभेत दिवसाला असे २०च, तेही सोडतीने. आकडेच हवे असतील तर अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा बरा. सूचना १५ पूर्ण दिवस आधी जावी लागते. पावसाळी अधिवेशन साधारण जुलैत असतं. जूनमध्ये मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच मसुदा पोचता करा.

विधेयकच येत असेल तर ते कुठे अडकलंय ते बघा. स्थायी समितीकडे गेलं असेल तर तीच तुमची वेळ: समितीने सूचना मागवल्या की कलमागणिक लिहा, कोणता शब्द बदलायचा तेही सांगा. समितीत २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. सभागृहात आल्यावर बदल करवणं फार कठीण. धन विधेयकात (कर, सरकारी खर्च यांच्या विधेयकात) राज्यसभा फक्त शिफारशी करते, तेही १४ दिवसांत. त्या स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जुळलं नाही, किंवा दुसऱ्याने सहा महिन्यांहून अधिक काळ रोखलं, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. आजवर अशी तीनदाच झाली: १९६१, १९७८, २००२. घटनादुरुस्तीला ती वाटच नाही. प्रत्येक सभागृहात वेगळं विशेष बहुमत लागतं. लोकसभा बरखास्त झाली की तिच्यापुढची विधेयकं बुडतात, पण राज्यसभेत मांडलेलं आणि अजून तिथेच असलेलं विधेयक टिकतं.

पुष्कळदा विधेयक नसतंच. सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम येतात ते १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या अधिसूचनेतून. तिथे मसुदा प्रसिद्ध झाल्यावरच्या हरकतींची मुदत चुकली की पुढे धावून फार काही हाती लागत नाही.

थेट सभागृहाकडे जायचं तर याचिका. लोकसभेत तिच्यावर एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, आणि त्या भाषांतरावरही अर्जदाराने सही करायची. नेमकी हीच सही लोक विसरतात.