पिस्ता आणला, पोपटी झाला: फिकट हिरवा निवडताना या चुका टाळा

क्रीम किंवा ऑफ-व्हाइट थोडा चुकला तरी खपून जातो. फिकट हिरवा खपत नाही. दसऱ्याच्या आधी पुण्यात रंगकामाची घाई सुरू होते आणि मग तीच तक्रार ऐकू येते: "कार्डावर असा नव्हता हो!"

कार्डावर तसाच होता. तुम्ही बोटभर चौकोन पाहिलात, तोही दुकानाच्या ट्यूबखाली. खोलीत हिरव्या भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या हिरव्या भिंतीवर पडतो आणि रंग चढतो. त्यामुळे कार्डावर जो गोड वाटतो तो घरी हमखास भडक होतो. जरा मळकट, राखाडीकडे झुकलेला हिरवा निवडा. दुकानात तो कोणालाच आवडत नाही, भिंतीवर मात्र शांत दिसतो.

कोथरूडच्या एका काकूंनी मोबाइलवर फोटो दाखवला होता. फोटोतली खोली परदेशातली, उजेड मंद, निळसर. काकूंचा हॉल पश्चिमेचा. चार वाजले की ऊन थेट सोफ्यापर्यंत, आणि गॅलरीला टेकलेलं झाड, म्हणजे येणारा उजेडही हिरवाच. मी म्हटलं, आधी नमुना लावू. "अहो, गुरुवारी वास्तुशांत आहे, नमुने कसले लावत बसता!" झालं, दोन हात मारले. दुपारच्या उन्हात भिंती पोपटी, आणि रात्री पांढऱ्या ट्यूबखाली अशा काही दिसायला लागल्या की काका दारातूनच म्हणाले, "डॉक्टर आलेत का?" वास्तुशांत त्याच रंगात झाली. नंतर पुन्हा प्रायमर, पुन्हा दोन हात, पुन्हा मजुरी. नमुन्याला एक दिवस लागला असता.

माझी पद्धत सांगतो. दोन-अडीच फुटांचा जाड पुठ्ठा घ्यायचा, मधोमध दुमडायचा, प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यायचे. कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडायची, म्हणजे जुन्या रंगाचा परिणाम होत नाही. जुन्या पीच भिंतीवर थेट हिरवा पॅच मारला तर तो आहे त्याहून जास्त हिरवा दिसतो. ओला रंग बघून मत देऊ नका, इमल्शन वाळल्यावर गडद होतं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोपऱ्यात उभा करायचा, म्हणजे दोन हिरव्या बाजू समोरासमोर येतात. सकाळी, चार वाजता आणि दिवे लावल्यावर बघा. दिवेही आधी ठरवा. खोक्यावर 3000 के लिहिलेला दिवा हिरव्याला पिवळट करतो, 6500 केचा थंड, निळसर करतो. रंग लावून झाल्यावर दिवे बदलणाऱ्यांना काय सांगायचं?

अंधाऱ्या खोलीसाठी, म्हणजे पेठेतलं जुनं घर किंवा दुसऱ्या इमारतीला चिकटलेली बेडरूम, शेडचा एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परतवतो तो आकडा, विचारा. 0 म्हणजे उजेड पूर्ण गिळणारा, 100 म्हणजे पूर्ण परतवणारा. अशा ठिकाणी मी 65च्या खाली जात नाही.

माझा दुसरा राग 'पांढरा आणा, स्टेनर (पांढऱ्यात कालवायचा दाट रंग) मी टाकतो' म्हणणाऱ्यांवर. फिकट शेडमध्ये खेळ थेंबांचा असतो. अंदाजाने कालवलेला हिरवा वर्षभराने टचिंगला कधीच जुळत नाही. चार पैसे वाचवायला सोफ्यामागे कायमचा डाग? मशिनवरच टिंट करून घ्या. कोड, कंपनी आणि रंगाचा प्रकार कागदावर लिहून मीटरच्या बॉक्समध्ये आतून चिकटवा. एकाच कोडच्या दोन बादल्यांतही उन्नीस-बीस असतं, म्हणून सगळ्या एका मोठ्या पिंपात एकत्र ढवळा आणि लिटरभर जास्तीचा ठेवा.

बाकीचं थोडक्यात. ओल आलेल्या भिंतीवर कुठलाच रंग लावू नका, आधी गळती शोधा. पुट्टीचं घासकाम नीट नसेल तर चकचकीत फिनिश घेऊ नका, सगळे उंचवटे दिसतात. छत पांढरं ठेवा, पण निळसर पांढरं नको.

आणि पडदे, सोफ्याचं कापड आधी आणा. रंगाच्या शेड शेकड्यांनी मिळतात, लक्ष्मी रोडवर मनासारखं कापड मिळायलाच वेळ लागतो.