कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला निघण्यापूर्वी

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले मार्गही जवळपास बंद झाले. त्यामुळे आपल्याकडे शिकार म्हणजे आजोबांच्या तोंडच्या गोष्टी किंवा संस्थानिकांच्या वाड्यातली पेंढा भरलेली मुंडकी, एवढेच उरले आहे. अमेरिकेत मात्र ती राज्य सरकारच्या परवान्याने चालणारी रीतसर गोष्ट आहे आणि तिथे स्थायिक झालेले काही मराठी लोकही सहकाऱ्यांच्या सोबतीने तिच्याकडे वळतात. दुसऱ्या राज्यातून कोलोरॅडोला एल्कसाठी, म्हणजे आपल्या सांबरापेक्षा बऱ्याच मोठ्या हरणासाठी, प्रथमच जाणाऱ्यांकरिता हे लिहिले आहे.

सर्वांत आधी आपला व्हिसा पाहावा. एच-१बी किंवा एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याने बंदूक अथवा काडतुसे बाळगणे हा संघीय कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हातात असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. मित्राची रायफल सरावापुरती हाती घेणे हेसुद्धा बाळगणेच ठरू शकते, म्हणून सराव सुरू करण्याआधी परवाना काढावा आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. ग्रीन कार्डधारकांना ही अट लागू नाही.

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत परवान्यासाठी शिकारी-शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि ते आपल्या राज्यात घेतलेले असले तरी चालते. परवाना देणारे खाते ‘कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ’. परराज्यातल्या माणसाला एल्कच्या परवान्यासाठी ७०० डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात, म्हणजे ऑक्टोबरच्या शिकारीचा विचार होळीच्या सुमारास व्हायला हवा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा मित्राने सांगितलेल्यावर न विसंबता त्या वर्षाची अधिकृत पुस्तिका वाचावी.

रायफलचे काडतूस किमान ०.२४ इंच व्यासाचे आणि एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम, वजनाची असावी लागते. प्रत्यक्षात याहून दमदार काडतूस निवडणेच योग्य. विमानाने जाताना रायफल रिकामी करून कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीत ठेवावी, काउंटरवर स्वतःहून सांगावे आणि ती चेक-इन सामानातूनच पाठवावी. काडतुसे खास त्यांच्यासाठी बनवलेल्या खोक्यात हवीत आणि विमान कंपन्या साधारणतः ११ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५ किलो, नेऊ देतात. शक्यतो न्यूयॉर्क-न्यूजर्सीत विमान बदलू नये, कारण पुढचे विमान चुकून पेटी तिथे आपल्या ताब्यात आली, तर तिथले कडक कायदे लागू होतात. मुक्कामी पोहोचल्यावर १०० यार्डांवर चार-दोन गोळ्या झाडून नेम पुन्हा तपासल्याशिवाय रानात शिरू नये, कारण प्रवासातल्या आदळआपटीने रायफलवरची दुर्बीण हलते.

कपड्यांत एक गोष्ट सक्तीची आहे. रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर हवा आणि त्याच रंगाची टोपीही हवी. नारिंगीवर ठिपके-पट्टे काढलेला छद्मवेश चालत नाही. हरणाला हा रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे जाकीट घालायला कुरकुर करू नये. एल्क आपल्याला नजरेपेक्षा वासाने लवकर ओळखतो. डोंगरात पहाटे गार वारा उताराने खाली वाहतो आणि ऊन तापले की वर चढू लागतो. तेव्हा सकाळी कोणत्या बाजूने जायचे हे आदल्या रात्रीच नकाशावर ठरवावे.

एल्क बहुधा २,४०० ते ३,३०० मीटर उंचीवर असतात. समुद्रसपाटीवरून थेट तिथे गेलेल्या माणसाला पहिले दोन दिवस डोकेदुखी, मळमळ आणि धाप यांचा त्रास होऊ शकतो, म्हणून एक-दोन रात्री डेन्व्हरसारख्या १,६०० मीटरच्या ठिकाणी काढून मगच वर जावे. पाणी भरपूर प्यावे आणि मद्य टाळावे.

नवखे लोक सहा महिने नेम साधतात. त्यानंतरच्या कामाची मात्र तयारीच नसते. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गुन्हा आहे आणि एका मोठ्या नराचे हाड काढलेले मांसच ८० किलोच्या घरात जाऊ शकते. एकट्या माणसाला त्याच्या किमान चार खेपा होतात. जनावर रस्त्यापासून २ किलोमीटर आत पडले, तर चार वेळा बाहेर आणि तीन वेळा परत आत अशी ही चाल १४ किलोमीटरची आणि त्यातली निम्म्याहून अधिक पाठीवर ओझे घेऊन. म्हणूनच आपली ताकद ओळखून किती आत जायचे ते आधीच ठरवावे आणि त्यापुढे दिसलेल्या जनावरावर गोळी झाडू नये. धारदार सुऱ्या, हवा खेळेल अशा सुती पिशव्या, दोर, डोक्याला बांधायचा दिवा आणि चौकटीची पाठपिशवी यांवर हात आखडता घेऊ नये. कातडे लगेच उतरवून फरे सावलीत टांगावेत, कारण मांस नासते ते उबेने. सोलताना नर-मादीची नैसर्गिक खूण मांसाला जोडलेली राहू द्यावी, अशी कायद्याची अट आहे.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा प्राणघातक मेंदूविकार कोलोरॅडोतच १९६७ साली प्रथम आढळला. त्यामुळे अनेक राज्ये मेंदू व पाठीचा कणा आत आणू देत नाहीत; घरी नेताना हाडे काढलेले मांस आणि स्वच्छ केलेली कवटीची चकती, म्हणजे शिंगे जोडलेला कवटीचा वरचा तुकडा, एवढेच न्यावे. जनावराचे डोके खात्याच्या केंद्रात तपासणीला द्यावे, प्रत्येक पुडीवर परवाना क्रमांक लिहावा आणि अहवाल येईपर्यंत ते मांस फ्रीजरमध्ये वेगळे ठेवावे. पाहुण्यांना मटणाचे आमंत्रण त्यानंतरच द्यावे.